खरखर थांबते तेव्हा

खरखर थांबली होती आणि कोणीही बोलत नव्हते.

अग्निशामक दलाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घडीच्या टेबलावर, रेडिओचा काटा वर चढून स्थिर राहिला. नरेल पास्कोने माइक ओठांपासून किंचित दूर धरला. तीन सेकंद. पाच. मग काटा खाली पडला, आणि कोरड्या गवतातून वारा फिरावा तशी खरखर पुन्हा शेडभर पसरली.

"परत एकदा हाक दे," टेबलापलीकडून परीक्षक क्लेम हॉस्किंग म्हणाला. "घाई नको. रेडिओ क्लबचं संकेतनाम, मग तुझं नाव, मग थांब."

लेखी परीक्षेत तिचा एकही प्रश्न चुकला नव्हता. रेडिओ चालवण्याच्या परवान्यासाठी उरली होती ती एवढीच पायरी: परीक्षकासमोर हाक द्यायची आणि खोऱ्यातल्या कोणाही परवानाधारकाचे उत्तर मिळवायचे. शनिवारी सकाळी इथले निदान पंधरा सेट चालू असतात. तिच्या आधीच्या दोघांना पहिल्याच हाकेला उत्तर आले होते. एकाला तर "आवाज बेडकासारखा आहे बाबा, पण स्पष्ट येतोय" असे ऐकायलाही मिळाले होते. ते दोघे आता बाहेर सॉसेज भाजत होते.

तिने बटण दाबले, संकेतनाम सांगितले. "नाव नरेल. नरेल पास्को. कोणी ऐकतंय का?"

खरखर थांबली. काटा चढला. म्हणजे कुठल्या तरी स्वयंपाकघरात कोणाचा तरी अंगठा माइकच्या बटणावर होता. लांबवर एक कुत्रा भुंकला. कोणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला, आणि तो श्वास तसाच राहिला. मग पुन्हा खरखर.

"हवा खराब आहे आज," क्लेम म्हणाला.

"हवेनं कुत्रा कधी पाळला?"

क्लेम हसला नाही. त्याने तिचा कागद पुढे ओढला, शेवटच्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. "झालं. संपर्क झाला. पास झालीस. वडिलांचा सेट झटकून लाव आता. डेसला बरं वाटलं असतं, पोरी."

"संपर्क झाला नाही, क्लेम."

"परीक्षक मी आहे. मी म्हणतो, झाला."

नरेलने कागद उचलला नाही. खुणेची शाई अजून ओली होती.

"बाबा मला फोनवर सांगायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, रेडिओवरच्या रविवारच्या गप्पांत मी तोंड उघडलं की सगळे चिडीचूप. पण असतात गं सगळे, खरखर थांबते ना. मला वाटायचं, एकटे राहून भास होतात त्यांना."

"तुझा बाप तासन्‌तास बोलायचा, नरेल. प्रत्येकाशी भांडायचा. दर उन्हाळ्यात त्याला डोंगरावर धूर दिसायचा. तीनदा बंब पळवला आम्ही, आणि तीनदा कोणीतरी पालापाचोळा जाळत होतं. मग क्लबनं ठरवलं, उत्तर द्यायचं नाही. दहा मिनिटांत कंटाळून जातो. जगात सगळीकडे हेच करतात, रेडिओवर कोणी त्रास द्यायला लागलं की."

"आणि चौथ्यांदा?"

शेडच्या दारातून डोंगराची धार दिसत होती. पाच उन्हाळ्यांपूर्वीच्या वणव्यात जळालेले निलगिरीचे वृक्ष अजून उभे होते. फांद्या नसलेल्या काळ्या खोडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पालवी फुटली होती, दाढी वाढावी तशी. त्या धारेखालीच पाण्याच्या टाकीपाशी डेस पास्कोचा मृतदेह सापडला होता. सेट शेजारी होता, चालू.

"बाबांच्या मृत्यूच्या चौकशीत तुम्ही लिहून दिलंत, त्या दुपारी कोणाचीही हाक आली नाही." नरेलचा आवाज चढला नव्हता. "आज लिहिताय, उत्तर आलं. दोन्ही कागदांवर सही तुमचीच."

क्लेमने पेनाचे टोपण शोधले. ते त्याच्या हातातच होते.

"वर्गाच्या पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं होतंत," ती पुढे म्हणाली, "तुमच्या गाडीतला सेट चाळीस वर्षांत एकदाही बंद झालेला नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

बाहेर सॉसेजची चरबी निखाऱ्यावर पडून चरचरली.

"ऐकलंत ना तुम्ही बाबांना, त्या दुपारी?"

क्लेम उठला. पेन खिशाला लावले, टोपी घातली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि दाराबाहेर पडला.

परवाना नसताना, परीक्षक समोर नसताना माइकला हात लावणे गुन्हा होता. तो प्रश्नही तिने सकाळी बरोबर सोडवला होता. तिने बटण दाबले.

"क्लेम हॉस्किंग, नरेल पास्को बोलतेय. ऐकताय का?"

तिचाच आवाज बाहेरून, अंगणातून, परत आला. लिंबाच्या झाडाखाली क्लेमची गाडी काचा उतरवून उभी होती. सॉसेज उलटणारे दोघे वळून पाहू लागले. क्लेमही थांबला होता, गाडीच्या दारावर हात ठेवून.

"क्लेम हॉस्किंग. ऐकताय का?"

त्याने दारावरून हात काढला, गाडी तिथेच सोडली आणि फाटकाकडे चालू लागला.

तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही. तिने बटण फक्त दाबून धरले. गाडीतली खरखर थांबली, सगळे अंगण शांत झाले, आणि त्या शांततेकडे पाठ करून तो चालत राहिला.