पोर्टची भानगड

दिपालीनं नवा गेमिंग लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडला, ट्रॅक्टरचा गेम लावला आणि कंट्रोलर आप्पांच्या हातात दिला. उभा जन्म ट्रॅक्टर चालवलेले आप्पा पहिल्याच चौकात डावीकडून आलेल्या बसवर आदळले.

"डावीकडचं कायच दिसत न्हाय गं. दुकानदारानं अर्धाच पडदा दिला व्हय तुला?"

तिनं एचडीएमआयची केबल काढली आणि मागच्या टाइप-सी पोर्टला दुसरी लावली.

"आता?"

"न्हाय. हितनं उजवीकडंच हाय समदं." आप्पांनी पडद्याच्या मधोमध बोट टेकवलं.

तिनं पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "पोर्टचीच भानगड आहे, आप्पा. उद्या बारामतीवरून अडॅप्टर आणते."

"आण. मी बी उसाची खेप टाकून लवकर येतो. मग दावतो तुला, ट्रॅक्टर कसा हाणायचा ते!"

दुसऱ्या दिवशी कळंबच्या फाट्यावर डावीकडून ट्रक आला. बघणारे म्हणाले, आप्पांनी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर ती त्यांच्या फोटोसमोर येऊन बसली.

"आप्पा, दोन्ही केबलींवर मला अख्खा पडदा दिसत होता."