तीन उकळ्या

"शिजलेली ज्वारी परत शिजवून काय व्हनार, वयनी? ह्या बरण्या नासल्या नाय, तर भर चौकात मिशी उतरवीन!" शेजारच्या चांगोनं पैज मारली.

संध्यानं अळंबीचं बियाणं करायला ज्वारी भरून उकळलेल्या बरण्या दोनदा नासल्या होत्या. आता नासल्या तर धंदाच बंद.

ती म्हणाली, "एका उकळीत जंतू मरतात, भावजी. त्यांचं टणक बी नाय मरत, ते उद्या फुटतं; फुटलं की पुढच्या उकळीत मरतं. म्हणून लागोपाठ तीन दिवस उकळायचं. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत कळलंय हे."

तीन उकळ्या देऊन आठवड्यानं तिनं भीत भीत झाकण उघडलं. आंबूस वासाचा पत्ता नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

चौकात न्हाव्यानं मिशी उतरवली, सगळी आळी हसली. चांगो उठायला लागला, तशी संध्या म्हणाली, "चाललात कुठं, भावजी? उद्या फुटंल की ती! अजून दोन दिवस बसायचं हाय."