हरिबा हेड्याची बोटं

"मावशी, तुमच्या माणसाला आवरा! आज पुन्हा माझा हात चादरीखाली ओढला आणि बोट पिळलं."

करुणा सिस्टर भडकली होती. खोलीभर नळ्या लावलेले पेशंट, आणि सगळ्यांच्या देखत ती मनुबाईला हे ऐकवत होती. धरणीनं पोटात घ्यावं, असं मनुबाईला झालं.

तिचा नवरा हरिबा खाटेवर उताणा पडला होता. दुष्काळ सरून बाजार नुकते भरायला लागले होते. कडेगावच्या बाजारावरून येताना जनावरांचा ट्रक उलटला, त्यात त्याची छाती चेपली आणि डावा पाय मोडला. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, वरून चादर. तोंडातून आवाज फुटत नव्हता. सिस्टरनं पाटी-पेन्सिल दिली होती, पण हरिबा शाळेची पायरी चढला असता तर ना! त्यानं पाटी भिरकावली. तेव्हापासून मिरजेच्या त्या दवाखान्यात 'तापट म्हातारा' म्हणून त्याचं नाव झालं. आज तर त्याचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या गजांना बांधून टाकले होते, आणि इतके दिवस दाराच्या काचेतूनच बघू दिलेल्या मनुबाईला आत बोलावलं होतं.

मनुबाईचं डोकं फिरलं, पण ते नवऱ्यावर. जन्मभर बाजार फिरलेला माणूस. त्याच्याबद्दल कुठून कुठून कानावर आलेलं तिनं आजवर गिळलं होतं. ते सगळं आता घशाशी आलं.

"आवं, अर्धी लाकडं मसणात गेली, आता तरी लाज धरा! लेकीसारखी पोर ती!" मग ती सिस्टरकडं वळली. "घट्ट बांधा त्यास्नी. ही गाठ ढिली हाय बगा."

आणि उजव्या मनगटावरची पट्टी तिनं आपल्याच हातानं आवळली.

हरिबाचे डोळे तारवटले. बांधल्या हाताची बोटं चाचपडत तिच्या करंगळीवर आली आणि त्यानं ती पिळली. जीव खाऊन पिळली.

मनुबाईचा हात जागीच थांबला.

हरिबा हेडी होता, जनावरांचा दलाल. भर बाजारात हेडी तोंडानं बोलत नाही, टॉवेलाखाली हात घालून बोटांनी बोलतो. दारात कुणी जनावर विकायला आणलं की पाण्याचा तांब्या घेता घेता हरिबा मनुबाईचं बोट पिळायचा. चार बोटं म्हणजे चार पाय. ज्या पायात खोड, ते बोट. करंगळी म्हणजे मागचा डावा. आणि अंगठा पिळला तर जनावर धन्यावरच उलटणारं. ते फुकट मिळालं तरी दावणीला आणायचं नाही. मग "न्हाई जमायचं, दादा" असं म्हणायचं काम मनुबाईचं. वाईटपणा तिच्या वाट्याला, हेडी नामानिराळा.

"बाई," ती ओरडली, "तुमचं कंचं बोट पिळलं ह्यांनी?"

"करंगळी. रोज करंगळीच. का?"

मनुबाईनं चादर ओढून काढली. प्लास्टरबाहेर आलेली डाव्या पायाची बोटं काळीनिळी पडली होती. तिनं हात लावून बघितलं. पाय गार होता.

मग एकच धावपळ उडाली. डॉक्टर आले, प्लास्टर चिरलं. आतून आलेल्या वासानं सिस्टरनं नाकाला रुमाल लावला.

"पाय वाचला तर नशीब म्हणायचं," डॉक्टर म्हणाले आणि मनुबाईवरच खेकसले, "आधी सांगायला काय झालं होतं?"

"ह्ये सांगत हुते की!" मनुबाईचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "रोज सांगत हुते! तुमी त्यांची जीभ गजाला बांधलीसा!"

सिस्टरनं मान खाली घालून गाठी सोडायला घेतल्या. तिनं स्वतः मारलेली गाठ सहज सुटली. मनुबाईनं आवळलेली मात्र सुटेना, तिला कात्री लावावी लागली.

मनुबाई खाटेच्या कडेला टेकली. चादरीखाली हात घालून तिनं हरिबाचा हात धरला.

"बोला," ती म्हणाली. "आता आनि कुटं दुकतंय, सांगा मला. मी हाय."

हरिबानं तिच्याकडं बघितलं. मग त्याची बोटं तिच्या करंगळीवरून निघाली, एकेक बोट ओलांडत वर सरकली, आणि त्यानं तिचा अंगठा धरून पिळला.