काळा स्क्रीन

“आता कायमचं झालं, काका!” मैथिलीनं एंटर दाबलं.

शेजारच्या एकट्या डबीरकाकांचा लिनक्स कॉम्प्युटर काळ्या स्क्रीननंच सुरू व्हायचा. रोज सकाळी ती कॉम्प्युटर सुरू होताना क्षणभर दिसणाऱ्या बूट मेन्यूत एक शब्द टाकायची, स्क्रीन उजळायचा, मग दोघं चहा प्यायचे. बंद केला की कॉम्प्युटर तो शब्द विसरायचा. आज तिनं काकांचा पासवर्ड देऊन तो सेटिंगच्या फाइलमध्येच लिहून टाकला होता; पासवर्डशिवाय ती फाइल बदलता यायची नाही.

“म्हणजे उद्यापासून तू...” काका थांबले. “छान झालं.”

दुसऱ्या सकाळी काकांचा फोन आला. “अगं, पुन्हा काळा!”

नेहमीचा शब्द टाकून तिनं फाइल उघडली. कालचा शब्द गायब होता.

“मांजर चाललं असेल कीबोर्डवरून,” काका म्हणाले.

“आणि पासवर्डही मांजरानंच टाकला?”

काका चहासाठी आलं किसू लागले.

मैथिलीनं फाइल तशीच बंद केली. “अवघड आहे, काका. रोजच यावं लागणार.”