चरबीचा फॉर्म

सुमित्राकाकूंनी यामिनीच्या वरणभातावर तुपाची धार सोडली आणि नवऱ्याच्या ताटावरून तुपाची वाटी तशीच पुढे नेली. दिगंबरकाकांनी मुकाट्याने कोरडा भात कालवला. काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाल्यापासून, म्हणजे गेले अकरा दिवस, हेच चाललं होतं.

ऑपरेशन गुरुवारी होतं. यामिनी युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होती आणि मिशिगनमधल्या नोव्हायच्या या घरी अधूनमधून रविवारी जेवायला यायची. आज तिला मुद्दाम बोलावलं होतं. हॉस्पिटलकडून एक फॉर्म आला होता आणि त्यावर तिच्याच लॅबचं नाव होतं.

जेवणं उरकल्यावर काकांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "काय गं, माझ्या अंगातलं नक्की काय हवंय तुम्हाला?"

"चरबी, काका. प्रोस्टेटच्या भोवती असते ना, ती. सर्जन ती आधी काढून बाजूला करतात आणि एरवी फेकून देतात. आम्ही म्हणतो, फेकू नका, आम्हाला द्या."

"लोणचं घालणार का तिचं?"

"टेस्ट करणार." यामिनी हसली. "ती चरबी नुसती पडून नसते, काका. तिच्यातून काही केमिकल्स निघतात. शेजारच्या गाठीला त्यांचं बळ मिळतं का, ते आम्ही बघतोय."

काकूंनी तुपाच्या वाटीवर झाकण ठेवलं. चाळीस वर्षं त्यांनी या माणसाला हात आखडता न घेता वाढलं होतं. लग्नात वाऱ्याने उडेल असा दिसणारा नवरा आजही तसाच काटकुळा होता. एवढं तूप खाऊन अंगाला काही लागायचं नाही. "जातं कुठे हो सगळं?" असं त्या पाहुण्यांसमोर हसून विचारायच्या. आज त्यांना उत्तर मिळालं होतं.

"सही करू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"मशिनीत दिसेल ना सगळं. मी काय काय वाढलं ते." आणि त्यांचे डोळे भरून आले.

यामिनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "काकू, तसं नसतं. अगदी बारीक माणसांनाही ही चरबी भरपूर असू शकते आणि ढेरीवाल्यांना कमी. खाण्याचा तिच्याशी किती संबंध आहे, ते आम्हालाच अजून माहीत नाही."

"म्हणजे माझं काही चुकलं नाही, असं सांगतेस?"

"तसंही नाही सांगता येत, काकू. कोणालाच नाही येत अजून."

दुसरं कोणी असतं तर 'छे छे' म्हणून मोकळं झालं असतं. पोरगी खोटं बोलली नाही, याचा काकूंना रागही आला आणि कुठेतरी बरंही वाटलं.

काकांनी चष्मा लावला. "तीस वर्षं ब्रेक बनवण्यात गेली माझी. गाडीतून काढलेला पार्ट आम्ही कधी फेकला नाही. टेबलावर घ्यायचा, उघडायचा, बघायचा. मी काय कारपेक्षा वेगळा आहे?" आणि त्यांनी सही ठोकली.

खाली शेवटचा प्रश्न होता. अभ्यासातून जे निष्कर्ष निघतील ते तुम्हाला कळवायचे का? काकांनी झटकन 'नो'वर खूण केली.

"काका, नो? सगळे येस करतात."

"तुम्हाला कळलं की पुरे. या घरात ते पत्र नको."

बोलताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. पण चाळीस वर्षांत काकूंना त्यांचं न पाहणंही वाचता यायला लागलं होतं. खूण त्यांनी काकूंसाठी केली होती. स्वतः टेबलावर जाणार होते गुरुवारी, आणि काळजी कसली, तर बायकोच्या नावाने काही निघू नये याची. काकूंना इतकी माया दाटून आली, की क्षणभर वाटलं, राहू दे, 'नो'च राहू दे.

मग त्यांना अतुल आठवला. मुलगा बुधवारी टेक्सासमधल्या अर्विंगहून येणार होता.

"ती खूण खोडा," त्या म्हणाल्या.

"अगं, कशाला उगाच जिवाला घोर?"

"परत आलेल्या पार्टचा रिपोर्ट न वाचता तुम्ही कधी झोपलात का? अतुल आहे आपला. चण तुमचीच घेतलीय त्याने. त्याच्या पानात काय वाढायचं, ते मला कळायला नको?"

काका हळूच म्हणाले, "आणि तुझंच नाव निघालं तर?"

"निघालं तर निघालं. पत्र येईल तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसलेले असा, म्हणजे झालं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'नो'वर काट मारली आणि 'येस'वर खूण केली.

"खोडलंत तिथे इनिशियल्स घाला, काका," यामिनी म्हणाली.

काकांनी इंग्रजीत दोन अक्षरं घातली. पेन खाली ठेवण्याआधीच काकूंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि त्या अक्षरांना चिकटून मराठीत एक 'सु' लिहिला.

तिथे फक्त पेशंटचीच अक्षरं चालतात. यामिनीने सांगायला तोंड उघडलं, मिटलं, आणि फॉर्मची नीट घडी घालून तो पाकिटात ठेवला.