बीव्हरसाठी सहा सापळे

अर्लने न विचारता अनिकाच्या कॉफीत दोन चमचे साखर घातली. शैलेंद्र बघत राहिला. आपली मुलगी बिनसाखरेची कॉफी पिते, असं तो कित्येक वर्षं लोकांना सांगत आला होता.

न्यू हॅम्पशायरच्या उत्तरेला, अर्लच्या घरामागच्या शेडमध्ये तिघं उभी होती. भिंतभर खिळ्यांना सापळे टांगलेले. अर्ल पंचाहत्तरीचा, आयुष्यभर बीव्हर धरलेला माणूस. आता सापळे विकायचा. गेले तीन हिवाळे अनिका त्याच्या हाताखाली शिकली होती. यंदा तिला स्वतःचं पहिलं काम मिळालं होतं. दातांनी झाडं पाडून बीव्हरनी ओढ्यावर बांध घातला होता, गावचा रस्ता पाण्याखाली जायला लागला होता, आणि ओढा गोठण्याआधी ते धरायचे होते.

पहिले सहा सापळे आपण घेऊन द्यायचे, हे शैलेंद्रने परस्पर ठरवलं. त्यासाठी तो श्रूजबरीच्या आपल्या घरून तीन तास ड्राइव्ह करून आला होता. आठवडाभर वाचून आला होता. नागपूरला मेकॅनिकल केलेला माणूस तो; स्प्रिंग कशी वागते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"हा बघ," भिंतीवरचा एक आटोपशीर सापळा काढून तो म्हणाला. "चार कॉइल आहेत. जबडा सात इंच उघडतो. मी सगळे कम्पेअर केलेत, यापेक्षा झटकन बंद होणारा नाही."

तो मुद्दाम मराठीत बोलत होता. अनिका इंग्रजीत उत्तरं देत होती, अर्लला कळावं म्हणून.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली आणि तिने अर्लकडे पाहिलं.

शाळेचा निकाल लागावा आणि मुलीने तो आधी शेजारच्या काकांना दाखवावा, तसं शैलेंद्रला वाटलं.

अर्लने वरच्या खिळ्यावरून दुसरा सापळा उतरवून टेबलावर ठेवला. जड, जुन्या घडणीचा, दोन्ही बाजूंना लांब पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

"पाण्यात हात घालून बोटं बधिर झाली, की..." त्याने सुरुवात केली.

"...की हा काठावर ठेवून बुटांनी दाबता येतो," अनिका म्हणाली. "शिवाय जड आहे. तळाला नीट बसतो."

"आणि धरायचा पाय कुठला?"

"मागचा. पुढचा बारीक असतो, निसटतो."

दोघं हसली. पुढचा-मागचा पाय शैलेंद्रनेही वाचला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

"मग हेच सहा घेऊ. चालेल ना, बाबा?" अनिकाने विचारलं खरं, पण विचारताना तिने तसाच दुसरा उतरवलासुद्धा होता.

"तुझ्या वडिलांनी निवडलेला वाईट नाही," अर्ल तिला म्हणाला. "पण ओल्या काठावर त्याचे छोटे दांडे बुटाखाली रुततात, हातांनीच जोर लावावा लागतो."

हे शैलेंद्रला लागलं. त्याने आपला सापळा टेबलावर ठेवला, दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर तळवे टेकले आणि अंगाचा सगळा भार टाकला. जबडा हळूहळू उघडला. गुडघ्याने एक दांडा धरून त्याने खटका अडकवला. सापळा लावून झाला. बासष्टाव्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात.

"अनिका, बघ."

तिची पाठ होती. ती आणि अर्ल सहा सापळे भरलेल्या खोक्याचं एकेक टोक धरून ते खाली ठेवत होती. अर्ल काहीतरी पुटपुटला आणि ती पुन्हा हसली.

"अनिका," तो जरा मोठ्याने म्हणाला, आणि पाय पडताच खटका सोडणारी मधली चकती किंचित तिरकी दिसली म्हणून ती सरळ करायला त्याने बोटं पुढे केली.

आवाज एवढाच झाला, दार आपटल्यासारखा. शैलेंद्रची तीन बोटं जबड्यात होती. त्याने हात मागे ओढला, तसा सापळाही हाताबरोबर आला.

अर्ल खोकं टाकून वळला, पण अनिका त्याच्या आधी पोचली होती.

"बाबा, ओढू नकोस," ती मराठीत म्हणाली. "खाली बस. सावकाश. हात तसाच ठेव. मी आहे ना."

तो जमिनीवर बसला. तिने सापळा जमिनीच्या फळीवर सपाट टेकवला, दोन्ही दांड्यांवर एकेक बूट ठेवला आणि उभी राहिली. जबडा सैल झाला. त्याने बोटं काढून घेतली. मग ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक बोट वाकवून बघू लागली.

"हे दुखतंय? आणि हे? जरा हलव."

तिन्ही बोटं हलली. वर निळी रेघ उमटायला लागली होती. तिचे हात खरखरीत होते, नखांत माती होती. ती एकेक बोट तपासत शेवटच्या बोटापर्यंत गेली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शैलेंद्रने तिला थांबवलं नाही.

अर्लने घरातून गोठलेल्या मटारची पिशवी आणि पाण्याचा ग्लास आणून दिला. अनिकाने पिशवी बापाच्या बोटांवर ठेवली, ग्लास त्याच्या हाताशी सरकवला आणि सहा जड सापळ्यांचं खोकं उचलून गाडीकडे गेली. अर्लने निवडलेलेच सहा. 

दारातून ती दिसत होती. शैलेंद्र उठला; दोघे तिकडे बघत उभे राहिले.

"घाबरली नाही अजिबात," अर्ल म्हणाला. मग त्याने विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय म्हणाली ती? तिला तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं."

शैलेंद्रने मटारची पिशवी दुसऱ्या बाजूने वळवली.

"ते इंग्रजीत सांगता येत नाही," तो म्हणाला.