बर्फ पडल्यावरच

रोशेलने आधी तंबाखूची पुडी टेबलावर ठेवली, मगच लॅपटॉप उघडला. त्यांच्या ओजिब्वे जमातीत वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. लिओनाने पुडीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. पुडी उचलली की हो म्हटल्यासारखंच.

"आधी मागणं सांग," ती म्हणाली. "मागच्या खेपेला पुडी उचलली, नि सबंध उन्हाळा तुझ्या वाचनालयात पोरांना टोपल्या विणायला शिकवत बसले."

"मावशी, वेंडेलमामांचा फोन आला होता. त्यांना आजीचा आवाज ऐकायचाय."

लिओना जाळीच्या दाराबाहेर बघत राहिली. तळ्याकडून डास येऊन जाळीला चिकटत होते. जून नुकता लागला होता. तिचा धाकटा भाऊ वेंडेल तिकडे दूर दक्षिणेच्या वाळवंटात, फिनिक्सच्या इस्पितळात होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

लिओना-वेंडेलची आई, जिला रोशेल आजी म्हणायची, फक्त हिवाळ्यातच गोष्टी सांगायची. विद्यापीठाच्या एका माणसाने त्या टेपवर घेऊन ठेवल्या होत्या. वर्षानुवर्षं त्या टेपा तिथल्या कपाटात पडून राहिल्या आणि आता कुठे परत आल्या. वाचनालयाचा वकील म्हणाला, टेप कुणाचीही असो, शब्द सांगणारीचे, आणि तिच्यामागे तिच्या मुलांचे. तेव्हा रोशेलने दोघा भावंडांच्या सह्या घेऊनच गोष्टी वाचनालयाच्या वेबसाइटवर चढवल्या. सह्या करताना दोघांनी एकच अट घातली होती. इथल्या जमिनीवर बर्फ असेल तेव्हाच गोष्ट ऐकू यावी, आणि प्रत कुणालाही, अगदी घरच्यांनाही मिळू नये. बर्फ वितळला की रोशेल त्या पानाला कुलूप घालायची.

"अट तुम्हा दोघांचीच आहे," रोशेल म्हणाली. "तुम्ही दोघांनी म्हटलंत तर आत्ता काढते. कायद्याने काही अडत नाही."

"कायद्याचं काय जातंय? कायद्याच्या अंथरुणात बेडूक थोडाच शिरतो!"

उन्हाळ्यात गोष्ट सांगणाऱ्याच्या अंथरुणात बेडूक शिरतो, असं आई म्हणायची. रोशेल हसली. मग हसू ओसरलं.

"मामा बर्फापर्यंत थांबायचे नाहीत, मावशी."

"मला ठाऊक आहे ते."

लिओनाने टेबलावरची भाकरीची चुरी तळव्याने गोळा केली, पुन्हा पसरली. आईने कधी नियम मोडला नव्हता. वेंडेल लहानपणी तापाने फणफणला होता आणि गोष्टीसाठी रडत होता, तेव्हाही नाही. ऐन उन्हाळा होता. आई रात्रभर त्याचे पाय चोळत बसली, पण गोष्ट सांगितली नाही.

"टेप लावली की लगेच गोष्टच सुरू होते का गं?"

"नाही. आधी थोडं घरातलंच आहे. चहा, खुर्च्या, असं काहीबाही."

"मग तेवढंच लाव. घरातल्या बोलण्याला उन्हाळा काय नि हिवाळा काय! गोष्ट सुरू व्हायच्या आत बंद कर म्हणजे झालं." आणि तिने पुडी उचलून खिशात टाकली.

फोन लागला. तिकडे नर्सने तो वेंडेलच्या कानाशी धरला असावा. आधी नुसता श्वासच ऐकू आला.

"काय ताई, आहेस का अजून?"

"नसून जाते कुठे? तू कधी मला पुढे जाऊ दिलंस? तिकडे ऊन कसं आहे?"

"गाडीच्या टपावर मासा भाजून निघेल. पडदे ओढून पडलोय."

"बरं, ऐक. आई आहे. गोष्ट नाही हं. नुसती आई."

"नुसती आई चालेल," तो म्हणाला.

रोशेलने फोन लॅपटॉपशेजारी ठेवला आणि टेप चालू केली. आधी खरखर. किटलीचं झाकण वाजलं. मग आईचा घोगरा आवाज, ओजिब्वे बोलीत: "लिओना, पाहुण्याला साखर दे. मागायचा नाही तो, लाजतोय." कुणीतरी पुरुष खाकरला. खुर्ची सरकली. आणि एकदम मोठ्याने, लिओना दचकलीच:

"वेंडेल! दार लाव आधी! सगळा बर्फ आत येतोय!"

धाडकन दार लागलं. इवलीशी पावलं पळत आली. "ये, इकडे बस. पाय घे पांघरुणात."

काडी ओढल्याचा आवाज आला. आई पाइप पेटवत होती. पाइप पेटला की ती जरा वेळ गप्प बसायची, सगळे गप्प होईपर्यंत, आणि मग गोष्ट. टेपवर आता नुसती शेगडी धडधडत होती. रोशेलने बोट बंद करायच्या कळीवर नेलं आणि लिओनाकडे पाहिलं.

फोनमधून वेंडेल बोलला. फिनिक्सला गेल्यापासून त्याच्या तोंडून आईची बोली लिओनाने ऐकली नव्हती. आता त्याच बोलीत, हळूच, तो म्हणाला:

"लावलं गं, आई. केवढा बर्फ पडलाय बाहेर."

लिओनाने बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे शेजारी उघड्या अंगाने गवत कापत होता. तिने रोशेलचं बोट कळीवरून अलगद उचललं आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.